नवा सेल्फ आणि जंगूबाई

नवा पार्ट कवा दगा देईन, सांगता येत नाई राजेहो. जिवतीकडच्या एका गावात भीमरावच्या जीपले मी मेकॅनिकनं त्याच्या अंगणातच नवाकोरा सेल्फ, म्हंजे चावी फिरवली का इंजिन सुरू करनारा स्टार्टर, बसवला. हत्यारं भरून राह्यलो होतो, तं त्याच्या बायकोले, जंगूबाईले, कळा सुरू झाल्या. तिले मागं बसवलं, भीमरावनं चावी फिरवली. नुसतं टक. पुन्हा टक. सेल्फ डब्यातूनच खराब आला होता.

"खोलाले टाइम नाई," मी म्हटलं. "धक्काच द्या लागते. पन दोघंबी ढकललो तं स्टेअरिंगवर कोन?"

जंगूबाई मागून उतरली आन् ड्रायव्हरच्या जागी बसली. "मले येते गाडी. ढकला तुमी."

आमी ढकललं. कळ आली तशी तिनं दात आवळले, पन क्लच बरोबर वेळेवर सोडला. इंजिन सुरू झालं, तवा ती बाजूले सरकली, भीमराव स्टेअरिंगवर बसला आन् मी मागं चढलो.

पोरगी मंग सुखरूप झाली. पन मले आठवते ते दवाखान्याचं दार. नर्सबाई तिले स्ट्रेचरवरून आत नेऊन राह्यल्या होत्या. तिनं मान वळवून नवऱ्याले सांगितलं, "इंजिन बंद करू नका, या मेकॅनिक भाऊले घरी सोडाचं हाये."