कोमट पाण्यातले हात

मेंदूच्या तपासणीखोलीबाहेर, माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय हलक्या आवाजात बोलत होत्या.

"वहिनी, मानेतली तुंबलेली शीर मोकळी केली, मग दादा सुधारला ना?"

"बोलायला लागलेत, वन्सं. वर्षभर अगदी मुके होते."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

"मला म्हणतात, तू गोठत चालली आहेस. जुन्या मधासारखा तुझ्यात रवा धरतोय."

"मध विकून विकून डोक्यातही मधच भरलाय त्याच्या!"

"गोठलेल्या मधाची बरणी ठेवावी तसे माझे हात रोज कोमट पाण्यात धरून बसतात. म्हणतात, घाई नको, हळूहळू सुटशील."

"अगं, शीर उघडल्यावर रक्त एकदम मेंदूत उसळलं, की माणूस भ्रमतो. डॉक्टरांनी लगेच सांगायला बजावलं होतं ना?"

"सांगितलं की औषध देतील, भ्रम जाईल. आणि पुन्हा गप्प झाले तर? वर्षानं हात धरलाय हो त्यांनी माझा."

"वेडी आहेस झालं! जिवावर बेतेल त्याच्या. ऊठ, आत्ताच सांगू. दे हात."

"हा घ्या."

"अगं..."

"काय झालं, वन्सं?"

"वहिनी, तुझ्या कातडीखाली हे रवाळ काय लागतंय?"