ढाबळ पाडली, कबुतरं गच्चीवर

अन्याय झाला तो खराडीच्या अनसूयाबाईंवर. या माघात, पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी सकाळी, त्या मेथी घेऊन मंडईत गेल्या होत्या तेव्हा. पौर्णिमेपर्यंत थांबतो असा शब्द दिलेल्या रस्तारुंदीच्या पथकाने त्यांची कबुतरांची ढाबळ अंडी-पिलांसकट जेसीबीने पाडली. हे सगळं सांगताना त्या एकदाही रडल्या नाहीत, म्हणून कुणी ते हलकं समजू नये. त्यांच्याच शब्दांत ऐका.

मी मूळची सासवडकडची. लग्न हुऊन खराडीत आले तवा इथं नदीपत्तुर नुसती जवारी व्हती, आन् आमच्या ह्यांची ढाबळ. नव्या नवरीला सासूबाईंनी पहिलं काम काय दिलं आसंल, तर ढाबळ झाडायचं. नाकाला पदर बांध म्हनल्या, ती धूळ छातीत बसती. आत्ता टावरातली माणसं सांगत्यात कबुतरानं खोकला व्हतो, ते काय खोटं न्हाई, पर आमच्यात ते सुनेला पहिल्याच दिवशी सांगत्यात. मला कबुतरांचा लळा नव्हता, ह्यांना व्हता. हे शिट्टी घालायचे, थवा उतरायचा, आन् मी आपली खाली पडलेलं खत बघायची. ते खत मुरवून मेथीला घातलं की पान काळंभोर येतं, मंडईत गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. न्हाई, विसरत न्हाई, पुण्याचं गिऱ्हाईक हाय ते, पर जुडी घेतं.

हे गेले आन् ढाबळ माझ्याकडं आली. रान थोडं थोडं करत गेलं, दिरांचं गेलं, आमचं गेलं, घराभवतीचा तुकडा ऱ्हायला, त्यात मेथी आन् कबुतरं. काय सांगू तुम्हाला, माणसावानीच सगळं. जवारी, बाजरी, थंडीत मका, पर मुठीनं द्यायचं, भरल्या पोटी कबूतर हाकंला येत न्हाई. मला शिट्टी येत न्हाई, मी डबा वाजवते. विटेचा चुरा आन् चुन्याचे खडे ठेवायचे, न्हाईतर अंड्याचं कवच धरत न्हाई. खणाखणात लिंबाचा पाला टाकायचा, पिसवा व्हत न्हाईत. अंडी दोनच. नर दिवसा बसतो, मादी रातीची, पाळी चुकत न्हाई, ह्यांना मी म्हनायची, बगा जरा. पिल्लू निघालं की दोघं बी त्याला गळ्यातलं दूध पाजत्यात, बापसुदिक.

मग रस्त्याची नोटीस आली. मी भांडले न्हाई, रस्ता सगळ्यांनाच पायजे. घर खाली केलं, लेकीकडं वाघोलीला गेले. ढाबळीचं तेवढं सायबाला म्हनले, सायेब, हितलं उडतं कबूतर कुठं बी नेलं तरी सुटलं की हितंच येतं. न्यायचं तर उडायच्या आधी पिल्लू न्यावं लागतं, ते नव्या जागेला घर म्हनतं. आत्ता अंड्यावर हायत, काहींची पिलं निघाल्यात, ती दाणं टिपंस्तवर थांबा. सायेब म्हनले पौर्णिमेपत्तुर थांबतो आजी, काळजी करू नका. चांगला माणूस वाटला. चहा बी घेतला त्यांनी.

त्या मंगळवारी मी पहाटंच येऊन मोठी कबुतरं उडायला सोडली, शेवटची मेथी उपटली आन् मंडईत गेले. येताना स्वारगेटला बस उशिरा मिळाली. येऊन बघते तर मोकळं. पार पलीकडचा रस्ता दिसत व्हता, आधी कधी दिसला नव्हता. मोठी वर फिरत व्हती, पिलं खाली. मी घमेलं घेतलं, गोळा केली, खड्डा केला. मग दाण्याचा डबा धुतला. का धुतला म्हाईत न्हाई. जेसीबीवाला म्हनला, आजी, मला काय म्हाईत आत जीव हायत. मी म्हनले, जेवलास का.

आता मोठी समूरच्या टावरच्या गच्चीवर बसत्यात. तिथनं ढाबळीची जागा दिसती. सांजच्याला मी रस्त्याकडंला डबा वाजवते, थवा खाली येतो, डोक्यावर दोन येढे घालतो आन् उतरत न्हाई, खाली गाड्या. परत वर. गच्चीवर मात्र धरता येतील. दिवस मावळला की कबुतराला दिसत न्हाई, जागचं हालत न्हाई, झाडावरनं फळ घ्यावं तसं उचलायचं. एक सांज पुरं. वॉचमन म्हनला, मावशी, गच्चीला कुलूप असतंय, सेक्रेटरीला इचारा. सेक्रेटरी अहोजाहो करत्यात. म्हनले, अहो आजी, कबुतरं न विचारता आली, तुम्ही निदान विचारलंत, त्याबद्दल आभार. आन् लिफ्टमधी शिरले.

येत्या रविवारी गच्चीला जाळी मारायला जाळीवाला यायचाय. कबुतरं पोत्यात भरून लांब सोडणार म्हनत्यात. लांब सोडलेलं परत येतं. येऊन जाळीत अडकतं, लटकतं.

धरली तरी काय, जावयानं वाघोलीला पत्र्याची खोली केलीया, तिथं ह्या मोठ्या कबुतरांना जल्मभर कोंडूनच ठेवायचं. दार उघडलं की हिकडंच येणार. तिथं झालेली पिलं उडतील, मोठ्यांनी आतनं बघायचं. सुख न्हाई हे. लटकण्यापरीस बरं, इतकंच. टावरातल्या लेकराबाळांना खोकला हुऊ नये, सगळ्यांचं चांगलं व्हावं. मी रोज येते, डबा वाजवते, जाते.

पथकाने शब्द का मोडला, याचा जाब आम्ही, हे पान काढणारे, त्यांच्याकडे मागतोच आहोत. तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. तुम्ही त्या टॉवरमध्ये राहत नसाल तर हे पान तिथे राहणाऱ्याच्या हातात द्या. राहत असाल, मालक म्हणून वा भाड्याने, तर शनिवारी दिवस मावळायच्या आत गेटवर या, अनसूयाबाईंना तुमच्या पाहुण्या म्हणून वर न्या आणि गच्चीचं कुलूप काढा.