उजवा पाय पुढे

...नाही नाही, फळीबद्दल माझी तक्रार नाही, ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई एवढी हिंडली, दुकानातल्या झाडून सगळ्या फळ्यांवर उभी राहून आली, दुकानदाराचं डोकं खाल्लं, शेवटी घेतली तीही जुनी, मग आता रडते कशाला? रडत नाही हो. सांगते आहे.

तर आमची ताई. माझ्याहून मोठी आणि जन्मापासून माझ्या पुढे. शाळेत जाताना पुढे, लग्नात पुढे, चष्मासुद्धा तिला आधी लागला. आणि पन्नाशी उलटल्यावर हिच्या डोक्यात आलं काय, तर लाँगबोर्ड. म्हणजे ती चाकांची लांबलचक फळी, एक पाय वर ठेवायचा, दुसऱ्यानं रस्ता मागे ढकलायचा आणि तळ्याभोवतीचा अख्खा रस्ता पालथा घालायचा. दर रविवारी मीही माझी एक साधी फळी घेऊन जाते तिच्यासोबत. सोबत म्हणजे काय, ती दिसेनाशी होते आणि मी तिच्या दिशेनं जाते. तर मध्ये एकदा मला म्हणते कशी, आवाज अगदी गोड काढून, "हे बघ छकुले, तुझी वाट बघत उभं राहून माझे पाय आखडतात. जमलं तर ये, नाहीतर मी आपली एकटी जाईन."

छकुली म्हणजे मी. या वयात. असो. पण मला सांगा, ती शहराच्या एका टोकाला, मी दुसऱ्या, आई गेल्यापासून आमच्यात तो एक रविवारच तर उरला आहे, तोही गेला की मग काय, फोनवर तब्येती विचारायच्या?

म्हणून ही दुसरी फळी. दुकानदार भला माणूस, पण बोलतो इतकं हळू की वाटावं आत कोणीतरी नुकतंच झोपलंय. म्हणाला, "बाई, लांब जायचं तर फळी खाली हवी, अगदी रस्त्याजवळ. पाय टेकवताना गुडघा जितका कमी वाकेल, तितक्या तुम्ही लांब जाल." मग चढले मी एकेकीवर. एक इतकी लवचीक की मी उभी राहिले आणि तिनं पोट टेकवलं जमिनीला, माणसाचा अपमान करायची एक पद्धत असते की नाही? दुसरी इतकी ताठ की रस्त्यावरचा खडा न् खडा दाढेत कळायचा. तिसरी सरळ सोडली तरी भिंतीकडे वळायची. आणि मग ती कोपऱ्यातली, जुनी. त्यानं फरशीवर नुसती ठेवली... आणि ती निघाली. कोणी हात लावला नव्हता. म्हटलं, फरशीला उतार असेल. म्हणाला, "असेल."

पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेल्या खरखरीत कागदावर बायकी मापाची दोन पावलं झिजलेली होती, उजवं पुढे, डावं मागे. माझा डावा पाय पुढे असतो. म्हटलं असू दे, आपण कुठे कोणाच्या पावलावर पाऊल टाकायला आलोय? दुकानामागच्या रस्त्यावर घेऊन गेले. डावा पाय पुढे ठेवून चालवली, ठीक, फळीसारखी फळी. पण लांब जाणारे लोक मध्ये पाय बदलतात, एक मांडी भरून आली की दुसरी कामाला. मी बदलला. उजवा पाय बरोबर त्या खुणेत बसला, मापाच्या बुटात बसावा तसा. एकदा ढकललं, दोन्ही पाय वर घेतले, आणि बेकरी गेली, औषधाचं दुकान गेलं, चौक आला, फळी आपली चालली आहे... आणि खाली आवाज. खस्स. मग जरा थांबून, खस्स. रस्त्याला बुटाचा तळ घासतो ना, तो. माझे दोन्ही पाय फळीवर होते हो. मी वाकून बघितलं, मोजून दोन.

पण फळीबद्दल तक्रार नाही. घेतली.

आता आमच्या ह्यांना बोलायचं काही कारण? पण जोडे उचलून बघायची सवय. "रोज सरावाला जातेस म्हणतेस, मग तळ नवेच्या नवे कसे? बसतेस कुठे चहा पीत?" म्हटलं, फळी घरंगळते चांगली. म्हणाले, "येताना आपल्या गल्लीचा चढ आहे. चढावरही घरंगळते?" मी भाजीत मीठ घातलं, दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. घसा साफ करून विचारलं, आधीची मालकीण... गेली का? "कुठे?" अहो गेली, म्हणजे... "छे हो, परवाच हेल्मेट नेलं." आणि नंबर दिला. मी फोन केला. चांगली ठणठणीत बाई, मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हटलं, त्या पावलांच्या खुणा तुमच्याच ना?

"नाही. मी आणली तेव्हाही होत्या."

मग विकली का हो? एवढी चांगली फळी?

तिनं आधी गॅस बंद केला असावा, शिट्ट्या थांबल्या. मग म्हणाली, "मला एकटीनं जायला आवडतं."

फोन ठेवला आणि फळीकडे पाहिलं. भिंतीला टेकून उभी, निमूट. दुकानदार परत घ्यायला तयार होता. पण रविवार उद्यावर आला होता आणि माझ्या त्या आधीच्या फळीवर मी ताईला गाठणं म्हणजे... तुम्हीच सांगा, काय केलं असतं?

गेले. सुरुवातीला प्रामाणिकपणे डावा पाय पुढे. वळणापाशी ताई सदऱ्याच्या गुंडीएवढी दिसायला लागली, नेहमीसारखी. मग मात्र बदलला पाय. खस्स. खस्स. ताई गुंडीची बशी झाली, बशीची बाई झाली, आणि मी तिच्या शेजारी. त्या रस्त्यावर पहिल्यांदा आम्ही बोलत बोलत गेलो हो, आईचं कपाट कोणी आवरायचं, तिचा गुडघा, माझी झोप. डोळे भरून आले माझे. बोलण्याच्या नादात मी ढकलायचं विसरले, तरी पुढे निघून गेले. मागे वळून म्हटलं, ये ना! ताईचा चेहरा कसनुसा झालेला. पुढच्या झाडापाशी उतरून थांबले, आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासाठी थांबले. ती आली सावकाश, पण जवळ आली नाही. थोडं लांबच थांबली, बाटलीतलं पाणी प्यायली, बघत होती माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा मागे. आणि पाहुण्यांशी बोलतो ना आपण, जपून, त्या आवाजात म्हणाली,

"तुम्ही दोघी व्हा पुढे. मी येते मागनं."

झालं. आता मी करू काय? पुढच्या रविवारीही येते म्हणाली आहे. मागनं का होईना, येणार आहे.