रिक्षातला आवाज

दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक खोकणारी बाई आणि गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र अडकवलेला तिचा भाऊ बसले होते.

“ताई, कचऱ्याच्या गोदामाला आग लागली, अख्खी गल्ली रिकामी झाली, आणि तू गच्चीवर काय करत होतीस?”

“कपडे वाळत घालत होते.”

“त्या काळ्या धुरात?”

“धुरापासून काही धोका नाही, असं रिक्षातून भोंग्यावर कोण ओरडत होतं?”

“मीच. साहेबांनी तेच सांगायला लावलं होतं. आत रसायनांची पिंपं आहेत, हे आम्हाला कुठे माहीत होतं?”

“दर वर्षी पाहणी करता ना तुम्ही?”

“गोदाम खाजगी आहे गं. आम्ही फाटकाबाहेरून पाहणी करतो. बाहेरून एकदम स्वच्छ आहे.”

“हसवू नकोस रे, खोकला येतो. पण मग बाकीचे कसे पळाले? त्यांना कुणी सांगितलं?”

“मीच की. आमची रिक्षा ‘धोका नाही’ म्हणत आली की लोक पोरं उचलून पळत सुटतात. तुझी शेजारीण तर कुलूप लावता लावता मला थँक्यू म्हणाली.”

“मला काय माहीत? मला वाटलं, आपला भाऊ सांगतोय.”

भावाने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं.

“असं तोंड पाडून बसू नकोस. आणि आत गेल्यावर डॉक्टरांशी मी बोलेन. तू ‘काही धोका नाही’ म्हणालास, तर ते मला ॲडमिटच करून घेतील.”