बिनयीस्टचा पिझ्झा आणि मामाचं लग्न

…आणि वर मलाच विचारतो, यीस्ट कशाला हवंय तुला! आता यीस्ट माणूस कशाला नेतो? डोक्याला चोपडायला? मी म्हटलं, काका, पिझ्झा करायचाय. तर तो किराणावाला यीस्टच्या डब्यावर हात ठेवून असा उभा राहिला, जसं काही मी बंदूकच मागितली. म्हणे, "तुला यीस्ट नाही. आईला पाठव." आई कुठून पाठवू? आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, तिथल्या चादरींना रविवारची सुट्टी नसते. बाकीची दुकानं बंद, साडेचारला घरी पाहुण्या, आणि हा माणूस डब्यावरचा हात काढेना. तुम्हाला सांगते, या वेळी मी काहीच केलं नव्हतं!

मागच्या वेळी केलं होतं, ते मान्य. पण किती साधं होतं ते! बाटलीत कोमट पाणी, साखर, यीस्ट, आणि बाटलीच्या तोंडाला रबरी हातमोजा. बाटली ठेवली विज्ञानाच्या सरांच्या कपाटात. दोन तासांनी सरांनी खडू काढायला कपाट उघडलं, तर आतून एक फुगलेला पांढरा पंजा त्यांना टाटा करतोय. सर दोन दिवस रजेवर! विज्ञानाच्या सरांना विज्ञानाची भीती वाटते, यात माझा काय दोष? तसंही माझं निम्मं शिक्षण वर्गात झालंय आणि निम्मं वर्गाच्या दाराबाहेर, त्यामुळे मला शिक्षेचं काही नाही. पण सर निघाले किराणावाल्याचे मेहुणे. झालं… यीस्ट बंद.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय, भात खा. अहो, अडलं होतं! मामाचं लग्न अडलं होतं!

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहतो, नळदुरुस्ती करतो. आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला एक नळ त्यानं एका महिन्यात चार वेळा दुरुस्त केला. तोच नळ! बिघडायचा कसा, ते नळाला माहीत आणि मामाला. त्या दुकानात ज्या बाई औषधं देतात ना, त्यांच्याकडे बघत तो पाना उलटा फिरवायचा. शेवटी एकदाची हिंमत करून तो क्रीमच्या बिस्किटांचा डबा घेऊन त्यांच्याकडे चहाला गेला. आता मला काय माहीत, तो तोच डबा उचलेल? तो मी ताईसाठी तयार ठेवला होता. माझी ताई, मोठी बहीण, चोरून बिस्किटं खाते. म्हणून मी सगळ्या बिस्किटांतलं क्रीम खरवडलं आणि आत टूथपेस्ट भरली. पुदिन्याची. औषधवाल्या बाईंनी एक अख्खं बिस्किट खाल्लं… अख्खं! आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे चहाआधी दात घासायची पद्धत आहे का?"

मामा घरी आला, पान्याची पिशवी ठेवली आणि तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पूर्वी माझ्या खोड्यांना सगळ्यात मोठ्यानं हसायचा तोच. आता मी पाणी दिलं तर तो ते कुंडीत ओतायचा, स्वतः उठून दुसरं घ्यायचा. घरात माझ्या हातचं पाणीसुद्धा चालेना! कुंडीतलं झाड तेवढं वाढलं.

मग परवा बाईंचा फोन आला. येते म्हणाल्या, पण एका अटीवर. जिनं बिस्किटं केली होती, तिनंच स्वतःच्या हातानं पिझ्झा करायचा. मामाचा चेहरा असा झाला, जसं त्याला कुणी सांगितलं की ऑपरेशन होणार, पण डॉक्टर म्हणून माकड येणार. आई सकाळी जाताना मला एवढंच म्हणाली, "हे बिघडलं तर तो आयुष्यभर दुसऱ्यांचे नळच दुरुस्त करत बसेल." आता एवढं ओझं माझ्या डोक्यावर, आणि यीस्ट नाही!

पण मी काय हरणारी आहे? डोकं लावलं. मैदा घेतला, दही घेतलं, तेल, मीठ, आणि फडताळातल्या मागच्या रांगेतून बेकिंग पावडरचा जुना डबा काढला. यीस्ट नसेल तर बेकिंग पावडर फुगवते, हे मला माहीत होतं. उघडला तर काय सुवास! म्हटलं, महागातली दिसतेय. घातले चांगले तीन चमचे. असं मळलं, असं मळलं की ओटा हलत होता. मामा दारात उभा. बोलत नव्हता, पण मी कुठल्या डब्याला हात लावते ते पोलिसासारखं बघत होता. गोळा झाकून अर्धा तास ठेवला. अर्ध्या तासानं झाकण उघडलं… गोळा होता तेवढाच! उलट मला वाटलं, जरा बारीकच झालाय.

आणि बेल वाजली. साडेचार नाही, चारच वाजले होते! बाई लवकर आल्या. सरळ स्वयंपाकघरात. मी घाईघाईनं गोळा लाटून पहिला बेस जाड तव्यावर टाकला, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी काढला तर खापर! ताटात ठेवला तर टण्ण वाजला. आणि घरभर गुलाबाचा वास. बाईंनी एक तुकडा मोडला, नाकाशी नेला. औषधवाल्याच त्या, एका हुंगण्यात म्हणाल्या, "ही अंगाला लावायची पावडर आहे."

मामानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं हो! त्यानं नुसतं बघितलं आणि मान खाली घालून तो चपला शोधायला लागला. बाईंना म्हणाला, चला, बाहेर जाऊन खाऊ. आणि मी ओरडत होते, शपथ घेत होते, या वेळी मी काहीच केलं नाही, काहीच नाही…

आणि तेवढ्यात आठवलं. दोन वर्षांपूर्वी ताई केक करणार होती. मी बेकिंग पावडर ओतून डब्यात अंगाची पावडर भरली होती. ताईनं केक केलाच नाही! मीही विसरले! तो डबा दोन वर्षं मागच्या रांगेत दबा धरून बसला होता… माझीच वाट बघत!

आता बघा. किराणावाल्यावर ढकलता आलं असतं. त्यानंच भेसळीची दिली म्हणायचं, तसाही तो माझा दुश्मन. तोंडापर्यंत आलं होतं. पण मामाची एक चप्पल पायात आणि एक हातात, असा तो उभा… माझ्याच्यानं नाही झालं. म्हटलं, "मामा, मीच केलं. आज नाही, दोन वर्षांपूर्वी. पण मीच."

मग बाईंनी पर्स ओट्यावर उपडी केली. केवढी ती पर्स! थर्मामीटर निघाला, चिकटपट्ट्या निघाल्या, एक छोटी ट्यूब निघाली ती त्यांनी पटकन परत आत टाकली, आणि शेवटी दोन पुड्या. पोटात गॅस झाला की पाण्यात घालून पितात ना, फसफसतं ते. साधं, बिनवासाचं. मला म्हणाल्या, दुसरा मैदा घे, दही घे, मीठ घालू नकोस, यात असतं. आणि मळून झालं की थांबायचं नाही, फसफस बसायच्या आत तव्यावर! मामाला म्हणाल्या, "अहो, चप्पल ठेवा आणि कांदा-टोमॅटो चिरा."

मामानं चप्पल ठेवली! मग काय विचारता! मी लाटतेय, मामा चिरतोय, बाई चीज किसतायत, कोपराला कोपर लागतोय. पुडी पडली तशी पिठात फस्स झालं, बेस तव्यावर गेला, झाकण ठेवलं, आणि तीन डोकी त्या काचेच्या झाकणावर. फुगला! पहिला एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग कडा अशी वर आली, अशी… मामाचा श्वास काचेवर जमत होता. तो पुसत होता आणि परत बघत होता.

आता खरा प्रश्न. पिझ्झा ताटात, सहा तुकडे केले, आणि पहिला मी मामापुढे धरला. तो बघत राहिला. तीन आठवडे पाणी कुंडीत ओतणारा माणूस! म्हणाला, "आधी तू." मी खाल्ला. त्यानं घड्याळ बघितलं. पूर्ण एक मिनिट! मी जिवंत आहे म्हटल्यावर दुसरा तुकडा त्यानं माझ्या हातातून घेतला. माझ्या हातातून, बरं का! चावला, चावत राहिला, आणि म्हणाला, "कडा बरी झालीये, कारटे." तीन आठवड्यांनी कारटे म्हणाला! मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं. कांद्याचं असेल.

मी तोंड धुवायला गेले, परत आले तर बाईंनी शेवटचा तुकडा माझ्यासाठी राखून ठेवलेला. म्हणाल्या, घे, मेहनत तुझी आहे. किती प्रेमानं! मी अख्खा तोंडात घातला.

पुदिना! चीजच्या खाली बोटभर पुदिना! कानापर्यंत गार! ती छोटी ट्यूब… तीन आठवडे ती पर्समध्ये घेऊन फिरत होती ही बाई! आणि चेहरा कसा, अगदी देवळातून आल्यासारखा. रुमालानं ओठ टिपत मामाला म्हणते, "या वेळी मी काहीच केलं नाही हं."

मामा हसला… तसाच, पूर्वीसारखा, स्टुलावरून खाली पडेपर्यंत.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. लग्नानंतर त्या आमच्याकडेच राहणार, माझ्या शेजारच्या खोलीत. सगळे खूश आहेत. मीही खूश आहे हो, खरंच आहे… फक्त त्या परवा आल्या, पाच मिनिटं आमच्या बाथरूममध्ये हात धुवून गेल्या, आणि तेव्हापासून मी दात बोटानंच घासतेय.