जळक्या साखरेची कॉफी

सक्करदऱ्याच्या रेशन दुकानापुढे साखरेची रांग हलायचं नाव घेत नव्हती. सुमतीच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. तिचे कान आपसूकच तिकडे लागले.

"ह्या टायमाले साखर कढईत अजून लाल होऊ देतो वं, सुभद्रा. मंग पाह्यजो, बर्डीच्या हाटेलावानी कॉफी होते का नाही."

"चार वेळा झाली तुमची कॉफी. आता कायले साखर जाळता?"

"चारही वेळा तूच तोंड वाकडं केलं."

"वाकडं काहून करीन? चांगली होती. पण तशी नव्हती."

"मंग दूध आटवून पाहू?"

"दुधाचं नाही."

"पूड बदलू?"

"आवो, पुडीचं बी नाही. हाटेलात आपण किती कप मांगवले होते?"

"एक. तूच म्हणे, मले पुरा नाही जात."

"तुमी कपात प्याले, अन् मले बशीत देली. फुकून."

"हो. मंग?"

"मंग घरी दोन कप काहून भरता?"

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही. सुमतीनंही त्याला पुढे व्हा म्हटलं नाही.

"म्हंजे साखर अर्धीच लागन."

"तेच तं कवापासून सांगून राहिले."