जपानी मत्स्यावतार

सासूबाईंशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले बघा, आणि तेही एका सिनेमासाठी. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. अमरावतीला जपानी सिनेमा लागला होता. पोस्टरवर समुद्रातून वर येणारा भलामोठा प्राणी पाहून सासूबाईंनी विचारलं, "हा कोनता अवतार व्हय?"

धार्मिक सिनेमा सोडून दुसऱ्या कशाला त्या जाऊ देत नसत. मी म्हटलं, "मत्स्यावतार असेल, बाई."

झालं! त्याही निघाल्या. देवाचा सिनेमा म्हणून त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत हात जोडून बसल्या. सिनेमा जपानी असला तरी बोलत इंग्रजीत होता, मी त्यांच्या कानात मराठीत सांगत होते. अणुबॉम्बच्या स्फोटानं समुद्रतळी झोपलेला तो प्राणी जागा झाला, इथवर निभावलं. मग त्यानं अख्खं शहर पेटवलं. मला वाटलं, आता या उठणार आणि मला तिवशाला माहेरी पोचवणार!

पण त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी माणसांनी त्याला पाण्यातच मारलं, तेव्हा पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "झोपेल होता बिचारा. यायनंच बॉम्ब टाकून उठोलं, अन् यायनंच मारलं."

बाहेर आल्यावर मला राहवेना. "बाई, तो देव नव्हता. मी खोटं बोलले."

"थे तं मले कवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "पन मरनाऱ्याले टाकून मधातच कसं उठावं, सूनबाई?"